निकाल नसलेल्या प्रकरणांचे गुण

गणिताच्या परीक्षकाजवळ उत्तर असतें. व्याकरणाच्या परीक्षकाजवळ नियम असतो. निबंध तपासणाऱ्याजवळहि अभिरुचीचें कांहींएक माप असतें. परंतु एखाद्या कारखानदारानें परक्या शहरीं दुसरा कारखाना काढावा कीं काढूं नये, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढें टाकला, तर त्याच्या उत्तरास शंभरांपैकीं किती गुण द्यावे? उत्तर बरोबर होतें कीं चूक, हें खुद्द कारखानदारास दहा वर्षांनीं कळावयाचें. आणि तेव्हांहि जें झालें तें त्याच्या शहाणपणामुळें कीं बाजाराच्या कृपेनें, याविषयीं त्याच्या घरांतच दोन मतें असावयाचीं. तरीहि अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारशाळेंत हा प्रश्न एका शतकाहून अधिक काळ विचारला जात आहे, व त्याच्या उत्तरांस श्रेणी दिली जात आहे. आज ‘स्ट्रॅटेजी’ या नांवानें जो विषय जगभरच्या व्यापारशाळांत शिकवितात, त्याचें मूळ या वर्गांत आहे. म्हणून तेथें गुण कसे दिले गेले हें पाहणें आम्हांस त्या शाळेच्या इमारतींचा व देणग्यांचा इतिहास पाहण्याहून अधिक अगत्याचें वाटतें.

ही शाळा १९०८ सालीं निघाली. तिचे पहिले प्रमुख एडविन गे हे व्यापारी नव्हते. आर्थिक इतिहासाचे अध्यापक होते. व्यापार शिकवावा कसा, याचा नमुना त्यांस आपल्याच विद्यापीठांत सांपडला. तेथील कायदेशाळेंत क्रिस्टोफर लँगडेल यांनीं १८७० नंतर व्याख्यानें बाजूस सारून, न्यायालयांपुढें आलेलीं खरीं प्रकरणें विद्यार्थ्यांच्या हातीं देण्याची व त्यांतून तत्त्वें काढावयास लावण्याची पद्धत सुरू केली होती. गे यांस व्यापाराचें शिक्षणहि त्याच धर्तीवर हवें होतें. परंतु या अनुकरणांत एक अडचण होती, व पुढील सर्व घोटाळ्याचें मूळ तीच होय असें आम्ही समजतों. कायद्याच्या प्रकरणाच्या शेवटीं न्यायाधीशाचा निकाल असतो. तो पटो वा न पटो, वाद कोठें संपला हें ठाऊक असतें. व्यापाराच्या प्रकरणास निकालपत्र नाहीं.

यावर पहिला तोडगा आर्च शॉ या शिकागोच्या प्रकाशकानें काढला. ‘सिस्टिम’ नांवाचें व्यापारविषयक मासिक चालविणारे हे गृहस्थ १९१२ च्या सुमारास व्यापारधोरणाचा वर्ग घेऊं लागले. ते चालत्या पेढीच्या चालकासच वर्गांत बोलावीत. पहिल्या दिवशीं त्यानें आपली खरी, त्या वेळीं त्यास सतावीत असलेली अडचण सांगावयाची. पुढील भेटींत विद्यार्थ्यांनीं आपापला लेखी अभिप्राय सादर करावयाचा. आणि त्यानंतर त्या चालकानें पुन्हां येऊन अभिप्रायांची चर्चा करावयाची. निकालपत्र येथेंहि नव्हतेंच. परंतु वाचणाऱ्याचे स्वतःचे पैसे त्या प्रश्नांत गुंतलेले होते, ही गोष्ट लहान नव्हे. ज्याचें घर गळतें तो गवंड्याची भाषा ऐकत बसत नाहीं. विद्यार्थ्याच्या कागदाचें यापेक्षां प्रामाणिक परीक्षण त्या शाळेंत पुढें कधीं झालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

अर्थात् असे चालक दर आठवड्यास, दर वर्गास कोठून मिळावे? १९१९ सालीं वॉलेस डोनम हे शाळेचे प्रमुख झाले. ते त्याच विद्यापीठांत कायदा शिकलेले व नंतर बँकेंत काम केलेले. त्यांनीं चालकाऐवजीं त्याची अडचण कागदावर उतरवून वर्गांत आणण्याचा सपाटा लावला. १९२१ सालचें ‘जनरल शू कंपनी’ हें क्लिंटन बिडल यांनीं लिहिलेलें प्रकरण या मालिकेंतील पहिलें मानतात. सुटीची वेळ होण्याच्या बऱ्याच आधीं जोड्यांच्या कारखान्यांतील कामगार हात आंखडते घेतात, यास काय करावें, एवढाच त्यांतील मामला. पुढें हीं प्रकरणें वाढत वाढत वीस-वीस पानांचीं झालीं, त्यांस आंकड्यांचे तक्ते जोडले गेले. प्रकरण नेमकें निर्णयाच्या उंबरठ्यावर येऊन थांबे. शिक्षणाच्या दृष्टीनें ही युक्ति उत्तमच होती. परंतु अडचण ज्याची, तो मनुष्य वर्गांतून गेला, आणि गुण देण्याचें काम एकट्या अध्यापकावर येऊन पडलें.

अध्यापकानें तें पुन्हां दुसऱ्यांवर सोंपविलें. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस प्रकरणाचें लेखी विश्लेषण करावें लागे, व तें शनिवारीं रात्रीं ठराविक घटकेच्या आंत एका घसरपेटींत टाकावें लागे. ती घटका चुकूं नये म्हणून धांवत सुटलेल्या तरुणांच्या गोष्टी तेथील जुने विद्यार्थी म्हातारपणींहि सांगत. हे कागद वाची कोण? महायुद्धानंतरच्या काळांत तें काम बव्हंशीं आसपासच्या महिला-महाविद्यालयांतून नुकत्याच पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुणींकडे असे. युक्तिवाद कोठें तुटला, आंकड्यांवरून काढलेलें अनुमान कोठें टिकत नाहीं, भाषा कोठें पोकळ झाली, हें त्या समासांत लिहीत. आणि उद्यांचे कंपनीप्रमुख त्या तांबड्या शेऱ्यांपुढें हिरमुसले होत. गंमत अशी, कीं त्याच वर्गांत विद्यार्थिनी म्हणून बसण्यास त्या अपात्र होत्या. शाळेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षापासून स्त्रियांस प्रवेश मिळाला तो १९६३ सालीं! ज्यांच्या विवेकावर कागदाची पारख सोंपवितां येते, त्यांच्या विवेकास शिक्षण देतां येत नाहीं, हा न्याय कोणत्या प्रकरणांतून काढला होता, तें विद्वान् अध्यापकच जाणोत.

लेखी कागदाचें महत्त्व पुढें ओसरलें व बोलण्याचें वाढलें. १९५३ सालीं ऑल्ड्रिच हॉल उघडला. त्यांतील पायऱ्यापायऱ्यांच्या अर्धवर्तुळाकार वर्गांत नव्वदाच्या आसपास विद्यार्थी, प्रत्येकापुढें नांवाची पाटी, आणि मध्यें अध्यापक. कोणीं काय म्हटलें हें लक्षांत ठेवून अध्यापक वर्ग संपतांच टिपणें करी. अनेक विषयांत निम्म्यापर्यंत गुण या बोलण्यास मिळूं लागले. बरोबर उत्तर नाहीं, तेव्हां श्रेणीहि तुलनेनेंच ठरे: वरच्या पंधरा ते वीस टक्क्यांस पहिली, तळच्या सुमारें दहा टक्क्यांस तिसरी, उरलेल्यांस दुसरी. सर्वच चांगले बोलले तरी कोणीतरी तळाशीं जावयाचाच. आणि ज्याच्या पदरीं तिसऱ्या श्रेणी फार पडत, त्याचें शाळेंत राहणेंच धोक्यांत येई. १९८० सालीं मायकेल पोर्टर यांचा स्पर्धानीतीवरील ग्रंथ निघाला, व धोरणाच्या वर्गास अर्थशास्त्राची चौकट मिळाली. प्रतिस्पर्धी, गिऱ्हाईक, माल पुरविणारे यांचें बळ मोजण्याची कांहींएक रीत आली, ही सोय झाली खरी. परंतु चौकट हें उत्तर नव्हे. हात वर करणारा तो करीतच राहिला.

आपल्याकडे ही पद्धत समुद्र ओलांडून अहमदाबादेस आली. विक्रम साराभाई यांच्या पुढाकारानें १९६१ सालीं तेथें निघालेल्या संस्थेस हार्वर्डच्या व्यापारशाळेचें सहकार्य व फोर्ड फाउंडेशनचा पैसा मिळाला. १९६४ सालीं दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. प्रकरणें आलीं, त्यांबरोबर लेखी विश्लेषण व तें वेळेवर टाकण्यासाठीं होणारी धांवाधांवहि आली, आणि वर्गांतील बोलण्याचे गुणहि आले. आमच्या सातारा-जळगांवाकडील मराठी शाळेंत शिकलेला मुलगा, ज्याचें डोकें आंकड्यांत तरबेज पण इंग्रजी वाक्य मनांत जुळवीपर्यंत ज्याची संधि निघून जाते, त्याचें तेथें काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीं करावी. त्याचें मौन हें अज्ञान धरलें जातें. दुकानांत गल्ल्यावर बसणारा जुना शेठ दिवसभरांत चार वाक्यें बोले, आणि त्याचें धोरण त्याच्या पेढीच्या तीन पिढ्यांस पुरे.

खुद्द हार्वर्डमध्यें हा दोष उघडा पडला तो स्त्रियांच्याच निमित्तानें. मुंबईच्या पवई येथील आयआयटींत शिकलेले नितीन नोहरिया २०१० सालीं तेथील प्रमुख झाले. प्रवेशाच्या वेळीं पुरुषांच्या तोडीच्या असलेल्या विद्यार्थिनी श्रेणींत मागें पडतात, व तफावत विशेषतः वर्गांतील बोलण्याच्या गुणांत आहे, असें त्या सुमारास दिसून आलें. मग वर्गांत लघुलेखक बसविण्यांत आले. कोण काय बोललें हें ते शब्दशः टिपून घेत. अध्यापकानें कोणास बोलावलें व कोणास किती गुण दिले, हें पडताळून पाहण्यासाठीं संगणकाचीहि योजना झाली. पुढील एक-दोन वर्षांत ती तफावत बरीच कमी झाली. विद्यार्थिनी पूर्वींच्याच तोडीच्या होत्या, प्रकरणेंहि त्याच जातीचीं होतीं.