लदेणीची कुळकथा

वाशीम जिल्ह्याला ना समुद्र, ना जहाज चालेल अशी नदी. तरी रेल्वे येण्याआधी धान्य, मीठ आणि कापूस या मुलखातून शेकडो मैल जात-येत होता. हा माल वाहणाऱ्यांचे वंशज आजही मानोरा, मंगरूळपीर, कारंजा भागातल्या तांड्यांवर राहतात. बंजाऱ्यांच्या या धंद्याला लदेणी म्हणत. इतिहासाच्या पुस्तकांत ते बहुधा सैन्यामागून फिरणारी भटकी जमात म्हणून येतात. हे वर्णन मला अन्यायाचं वाटतं. तांडा हा हिंदुस्थानचा मालवाहतुकीचा कारखाना होता, आणि तो चालण्यामागे पक्कं गणित होतं.

गणित असं. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना भार सारखा पडेल अशी गोणी. गाडी नाही, म्हणून रस्ता लागत नाही. घाटवाट, नदीचा उतार, पायवाट, सगळं चालतं. बैल वाटेवरच्या गवतावर पोट भरतो, म्हणजे चाऱ्याला पैसा नाही. मात्र चरत चरत जायचं तर वेग सोडावा लागतो. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला 1632 मध्ये धान्याने लादलेल्या 14,000 बैलांचा तांडा वाटेत भेटला. असे तांडे दिवसाला जेमतेम सहा-सात मैल चालतात, बायकामुलं सोबत असतात आणि बैल त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असतात, हे त्याने लिहून ठेवलं. बैलामागे एक क्विंटल धरला तरी हा माल 1,400 टन होतो. आजच्या एका मोठ्या मालगाडीच्या निम्म्याहून कमी, पण त्या काळी एवढं धान्य एका शहराचा जीव वाचवायला पुरेसं होतं.

मालकी स्वतःची, हा मुद्दा महत्त्वाचा. बंजारा नुसता भाडोत्री हमाल नव्हता. जिथे धान्य स्वस्त तिथे तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, ते विकत घेई आणि जिथे टंचाई तिथे विकी. परतीच्या वाटेला मीठ भरी. म्हणूनच मोगलांपासून इंग्रजांपर्यंत सर्वांना तो हवासा वाटला. मोगल सरदार आसफखानाच्या दख्खन मोहिमेत भंगी आणि जंगी नायकांचे 1,80,000 बैल होते, अशी परंपरा आहे. त्यांना दिलेल्या ताम्रपटात, पाणी आणि गवत मिळालं नाही तर लोकांच्या रांजणातलं पाणी आणि छपरावरचं गवत घेण्याची मुभा होती म्हणतात. आकडा कुणी कमी-जास्त करील. पण तांडा अडला तर लष्कर उपाशी, हे त्या सवलतीतून कळतं. 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगडाला लढला, तेव्हाही त्याची भिस्त बंजाऱ्यांच्या बैलांवरच होती.

तांड्याच्या पुढे एक बैल मोकळा चाले. त्याच्या पाठीवर कधीच ओझं लादत नसत. झूल, गोंडे, घुंगरं एवढंच. रसेल आणि हिरालाल यांनी जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात या बैलाबद्दल लिहिलं आहे. आजारी माणसाला त्याच्या पायाशी आणत, असंही ते सांगतात. ज्या जनावरावर अख्खं पोट अवलंबून, त्याच्यातल्या एकाला भारातून कायमचं मुक्त ठेवण्याची ही रीत मला फार थोर वाटते.

संत सेवालाल महाराज याच धंद्यातल्या घरात जन्मले. 15 फेब्रुवारी 1739 ही त्यांची जन्मतिथी मानली जाते. वडील भीमा नायक मोठ्या गोधनाचे धनी. सेवालाल महाराजांची समाधी मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आहे, आणि रामनवमीला देशभरचा समाज तिथे लोटतो.

लदेणी मोडली ती रेल्वेने. 1825-26 मध्ये विकाजी-पेस्तनजींच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईला धाडला, तो 500 बैलांच्या पाठीवर. 1867 मध्ये जीआयपी रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, आणि बैलाला महिने लागणारी वाट काही दिवसांची झाली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ छोट्या रेल्वेने कारंजाचा बाजारही लोहमार्गाला बांधला. पण दोष एकट्या इंजिनाला देऊ नये. याच काळात राखीव जंगलं झाली, फुकटचं कुरण संपलं, आणि कुरण संपलं की गणितच कोसळलं. त्यात 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला. अनेक भागांत बंजारेही त्याच्या कक्षेत ओढले गेले. फिरणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांचं फिरणंच संशयास्पद ठरलं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात समाज आज विमुक्त जातींत मोडतो.

बैल विकले गेले तसे तांडे थांबले. थांबले ते बहुधा डोंगराच्या अंगाला, जिथे उरल्यासुरल्या गुरांना चरायला गवत होतं. काळी कसदार जमीन आधीच गावांनी धरलेली होती. वाट्याला आली ती मुरमाड, हलकी. पावसावरच्या एका पिकानंतर अशा रानात काम उरत नाही. म्हणून दसरा-दिवाळी झाली की मराठवाडा-विदर्भातल्या अनेक तांड्यांवरची जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि तिथे पुन्हा वाहतूकच करतात. फक्त आता माल दुसऱ्याचा असतो आणि गाडीही दुसऱ्याची.