डेटिंग ॲपवरचं ‘२ किमी दूर’ : गावाकडून वापरताना काय सांभाळाल?

पुण्यात डेटिंग ॲप उघडलं की बोट दुखेपर्यंत स्वाइप करा, प्रोफाइल संपत नाहीत. दिवाळीला मी गावी, म्हणजे वालूरला (ता. सेलू, जि. परभणी) गेलो आणि तेच ॲप उघडलं. रेंज १० किमी ठेवली. मोजून चार प्रोफाइल आली. त्यातल्या एकीनं नाव बदललं होतं, चेहराही लपवला होता. पण फोटोत मागे गावातली बारव होती, खाली कॉलेजचं नाव आणि ‘२ किमी दूर’. ती कोण, हे कळायला मला एक मिनिटही लागलं नाही.

मी ॲप बंद केलं. दुसऱ्या कुणी स्क्रीनशॉट काढून गावातल्या ग्रुपवर टाकला असता, तर त्या मुलीचा फोनच नाही, शिक्षणही बंद झालं असतं. शहरासाठी लिहिलेले सल्ले समोरचा खरा आहे का ते बघायला सांगतात. गावात त्याच्या आधीचा प्रश्न असतो : आपण स्वतः किती ओळखू येतोय?

ॲपला अंतर कसं कळतं?

फोन जीपीएस, मोबाईल टॉवर आणि वाय-फाय यांवरून तुमची जागा काढतो आणि ॲपच्या सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर दोघांमधलं अंतर मोजतो आणि फक्त तो आकडा दाखवतो. पण आकड्यावरूनही जागा काढता येते. समजा, कुणी सेलूत उभं राहून तुमचं अंतर बघितलं, मग मानवतमध्ये, मग बोरीत. नकाशावर तीन वर्तुळं काढली की ती जिथे मिळतात, तिथे तुम्ही. प्रत्यक्ष फिरायचीही गरज नाही, खोटं लोकेशन टाकलं तरी जमतं.

टिंडरमध्ये २०१३ साली नेमकी हीच चूक सापडली होती. त्यांचा सर्व्हर अंतर नको इतकं अचूक पाठवत होता. नंतर ती दुरुस्त झाली. २०२४ मध्ये बेल्जियमच्या केयू ल्यूवेन विद्यापीठातल्या संशोधकांनी १५ डेटिंग ॲप तपासली. त्यांपैकी सहा ॲपवर, ज्यांत बंबल आणि हिंजही होती, युजरची जागा बरीच अचूक काढता येत होती. कळवल्यावर कंपन्यांनी सुधारणा केल्या. तरी अंतर दिसतं तिथे धोका शून्य नसतो.

आधी या सेटिंग करा

१. लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच द्या. अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे’ लोकेशन देता येतं, आयफोनवर आयओएस १४ पासून ‘अचूक लोकेशन’ बंद करता येतं. मात्र अंदाजे म्हणजे साधारण ३ चौरस किमी. शहरात त्यात हजारो लोक येतात, इथे अख्खं गाव. म्हणून ॲप परभणीला किंवा कॉलेजच्या गावी वापरा, घरी आल्यावर उघडू नका.

२. अंतर लपवायचा पर्याय बघा. टिंडरवर तो पैसे भरणाऱ्यांसाठी असतो. ओळखीचे नंबर ब्लॉक करायची सोय मात्र फुकट आहे. नातेवाईक आणि शेजारी आधी त्यात टाका.

३. इन्स्टाग्रामवरचा फोटो इथे लावू नका, गुगल लेन्सवर तो सापडू शकतो. बारव, देऊळ, शाळेचा फलक, गाडीचा नंबर, कॉलेजचं नाव यांतलं काहीच नको.

४. मोबाईल नंबर लवकर देऊ नका. यूपीआय ॲपमध्ये नंबर टाकला की बँकेतलं नाव दिसतं. आडनाव कळलं की गावात पुढचं सगळं कळतं.

समोरचा खरा आहे का?

त्याचे फोटो लेन्सवर शोधा आणि भेटीआधी एक छोटा व्हिडिओ कॉल करा. कॉलवर कपडे काढायला सांगितलं की लगेच कट करा. तो कॉल रेकॉर्ड करून पैसे मागणं हा जुना धंदा आहे. गिफ्टचं पार्सल कस्टममध्ये अडकलं, क्रिप्टोत पैसे टाक, अडचण आहे पाच हजार पाठव : विषय पैशावर आला की गप्पा संपल्या. मुलंही फसतात बरं का. २०२४ मध्ये मुंबईत अंधेरीच्या एका क्लबचं प्रकरण गाजलं. ॲपवर भेटलेली मुलगी तिथे न्यायची, महागडी पेयं मागवायची आणि निघून जायची. मुलाच्या हातात हजारोंचं बिल.

भेटायचं ठरलं तर

दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी आणि दोघांच्याही गावाबाहेर भेटा. जागा तुम्ही ठरवा. त्याच्या गाडीवर बसून जाऊ नका. परतीची शेवटची एसटी कितीला आहे ते निघण्याआधीच बघा, नाहीतर घरी सोडायला त्याच्यावरच अवलंबून राहाल. एका मैत्रिणीला किंवा मित्राला व्हॉट्सॲपवर ८ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवा.

ब्लॅकमेल झालं तर

घाबरून पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढतेच. अनमॅच करण्याआधी प्रोफाइल आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढा, कारण अनमॅच केल्यावर चॅट जातं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिलांशी संबंधित तक्रार नाव न देताही करता येते. तातडीचा धोका असेल तर ११२.

खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा वापरा. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या कंपन्यांकडे जातो. फोटो १८ वर्षांआधीचा असेल तर ‘टेक इट डाउन’ आहे. परवानगीशिवाय असे फोटो काढणं किंवा पसरवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

जवळच्या ठाण्यात ओळखीचे लोक आहेत म्हणून गप्प बसू नका. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, परभणीलाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुणाला तरी भेटावंसं वाटणं यात चूक काहीच नाही, ॲप वापरणं हाही गुन्हा नाही. उद्या ओळखीचं प्रोफाइल तुमच्या स्क्रीनवर आलं तर स्क्रीनशॉट काढू नका, पुढे स्वाइप करा. गावात सुरक्षितता अर्धी सेटिंगमध्ये असते, अर्धी आपल्या हातात.