काडी ओढून दाखव

पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला आम्ही बैलगाडीनं जायचो. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. ढोल-कैताळाचा दणदणाट, वरून पडणारा भंडारा, लोकर, खारीक-खोबरं. घरी परत आलं की नाक शिंकरलं तरी पिवळं. मोठ्या माणसांचं लक्ष फरांडेबाबांच्या भाकणुकीकडं असायचं, औंदा पाऊसपाणी कसं म्हणून. माझ्या आज्याचं लक्ष मात्र घोंगड्यांच्या पालांकडं.

दर्शन झालं की आजा तिकडं वळायचा आणि मग दिवस मावळेपर्यंत उठायचं नाव नाही. घ्यायचं असायचं एक घोंगडं, तेसुद्धा चार-पाच वर्षांतून एकदा. पण बघायचं सगळं. पालाच्या एका अंगाला सणगराची म्हातारी रहाटावर लोकर कातत बसलेली. पेळूतनं धागा निघताना तिचं लक्ष धाग्याकडं नसायचंच, गिऱ्हाइकाकडं असायचं. म्हातारा सणगर घोंगड्याचे काठ शिवत बसलेला. माग काही तिथं नसायचा. तो घरी, जमिनीत खड्डा घेऊन बसवलेला. तो उपटून जत्रेत आणणार कसा? म्हणून विणकामाऐवजी म्हातारा दुसरंच दाखवायचा.

आजा म्हणायचा, "काडी ओढून दाखव." म्हातारा हसत काठाचा एक धागा उपसायचा आणि काडी लावायचा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली की लोकर अस्सल. सूत मिसळलेलं असलं तर कागद जळाल्यासारखा वास येतो. मग घोंगड्याची खोळ करून तिच्यात तांब्याभर पाणी ओतायचा. पाणी तसंच उभं. "बघा पावनं, ह्यो चिंचोक्याच्या खळीचा गुण. ताण्यावर कुंच्यानं खळ बसवल्याबिगर आमी धोटा हातात धरत न्हाई." चार माणसं आत डोकावून बघायची. मीही बघायचो, जणू विहीरच आहे.

हे दाखवणं कुठून आलं, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं. ते वाचताना ध्यानात आलं, की आमच्या गावातल्या सुतार-लोहाराला कधी काही दाखवावंच लागलं नाही. वर्षभर काम करायचं, सुगीला खळ्यावर बलुतं घ्यायचं. औताचा फाळ नीट बसला नाही तर दुसऱ्या दिवशी दारात जाऊन भांडता येत होतं. सणगर त्या बारा बलुत्यांत नाही. काही याद्यांत तो अलुत्यांत येतो, आणि गावोगाव तर तो नव्हताच. त्याचं गिऱ्हाईक परक्या गावचं, पुन्हा कधी भेटेल-न भेटेल असं. भांडायला दार नाही, म्हणून परीक्षा जागेवरच. जत्रेतली ती कला-बिला नव्हती, जामीनकी होती.

पुढं पालं कमी होत गेली. पानिपतकडची जुन्या लोकरीची स्वस्त ब्लँकेटं आली, हे एक. पण मला वाटतं खरा घाव मेंढरातच बसला. दख्खनी काळ्या मेंढीची वर्षातून दोनदा कातरणी व्हायची. मटणाला भाव आला तशी जतकडची माडग्याळ मेंढी कळपात शिरली; अंगानं थोराड, पण लोकर म्हणाल तर नावाला. धनगराला दोष कसा द्यावा? त्यालाही पोरं शिकवायचीच की.

काही वर्षांमागं त्याच सणगराच्या नातवाबरोबर मी शहरातल्या एका प्रदर्शनाला गेलो. जाहिरातीत 'प्रात्यक्षिक' असं मोठ्या अक्षरात. संयोजकांनी त्याला लाकडी चौकटीचा एक छोटा माग दिला होता. "काका, ह्याच्यावर आपल्यात कुनी इनलंय कधी?" तो मला हळूच म्हणाला. तरी बसला बिचारा. सकाळी धा ते संध्याकाळी सहा. वीतभर पट्टी व्हायची, लोक थांबायचे, फोटो काढायचे, "टोचतं का हो हे?" विचारून पुढं सरकायचे. हात लावून बघणारे थोडे, घेणारे त्याहून थोडे. तिसऱ्या दिवशी त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं काठाचा धागा उपसला आणि खिशातली काडेपेटी काढली.

जळक्या केसांचा वास सुटला तसा रखवालदार धावत आला. आत जाळ करायला बंदी होती, आणि ते बरोबरच होतं म्हणा. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. एवढ्यात मागं उभ्या असलेल्या एका धोतरवाल्या म्हाताऱ्यानं हात पुढं केला. "आण हिकडं." त्यानं राख बोटांत चुरली, हुंगली, घोंगड्याची घडी उलगडून दोन्ही काठ बघितले.

"धा हाती हाय का ह्यात?"

नव्हतं. दहा हाताचं घरी मागावर होतं, अर्धं विणलेलं.