इसब ‘आत जातो’ का?

नाशिक-निफाडकडे कोरडी थंडी सुरू झाली, की वर्गातील काही मुले कोपराची खोबण आणि गुडघ्यामागची लवण सतत खाजवताना दिसतात. हा बहुधा इसब असतो. ‘त्यावर मलम लावू नका, इसब आत जाईल आणि दमा होईल,’ असे आपण अनेकदा ऐकतो. या समजुतीमागचे निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. ते कसे उलगडले, हे पाहू.

लहानपणीचा इसब, दमा आणि परागज्वर एकाच घराण्यात आढळतात, हे फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बेनिए यांनी १८९२ मध्ये नोंदवले. १९२३ मध्ये अमेरिकेत कोका आणि कुक यांनी दमा व परागज्वराच्या आनुवंशिक प्रवृत्तीला ‘अ‍ॅटोपी’ हे नाव दिले. १९३३ मध्ये वाइझ आणि सुल्झबर्गर यांनी इसबालाही याच कुटुंबात बसवले. अ‍ॅलर्जीला कारण होणारे ‘आयजीई’ हे प्रतिपिंड इशिझाका दांपत्याने १९६६ मध्ये शोधले.

मग जगभरच्या शाळांत पाहणी झाली. ‘आयझॅक’ नावाच्या या पाहणीचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष ५६ देशांतील १३-१४ वर्षांच्या ४,६३,८०१ मुलांवर आधारित होते. त्यांत मुंबई-पुण्याची मुलेही होती. प्रश्न साधे होते : सहा महिने येत-जात राहणारे, खाजणारे पुरळ आले का? श्वास घेताना छातीत घरघर होते का?

खरा दुवा २००६ मध्ये हाती आला. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांना आढळले, की ‘फिलॅग्रिन’ या प्रथिनाच्या जनुकात दोष असला, तर इसबाचा धोका वाढतो. हे प्रथिन त्वचेची तटबंदी राखते. तट कमजोर झाला, की ओलावा बाहेर जातो आणि धूळ, पराग, अन्नकण आत शिरून शरीराला अ‍ॅलर्जी ‘शिकवतात’. म्हणून काही मुलांत आधी इसब आणि नंतर दमा दिसतो. इसब आत जात नाही. उघड्या पडलेल्या त्वचेतून बाहेरचे पदार्थ आत जातात.

इसब झालेल्या प्रत्येक मुलाला दमा होतो असे नाही. त्वचेवरील उपचारांनी दमा टळतोच, असेही सिद्ध झालेले नाही. पण खाज, जखमा आणि रात्रीचे जागरण त्यांनी नक्की कमी होते. आणि इसब संसर्गजन्य नाही, तेव्हा अशा मुलाला वेगळ्या बाकावर बसवण्याचे काहीच कारण नाही. हे वर्गाला समजावून सांगणे आपल्याच हाती आहे.