पडद्याआडचा खून आणि परवीन मिस्त्री

मुंबईतील एका धनाढ्य गिरणीमालकाचे निधन झाले आहे. मागे उरल्या आहेत त्याच्या तीन विधवा, मुले, मलबार हिलवरचा बंगला आणि घराचा कारभार पाहणारा एक मुखत्यार. वकिलाच्या कचेरीत एक पत्र येते : तिन्ही बेगमांना आपापल्या वाट्याची मालमत्ता धर्मादाय कार्याला देऊन टाकायची आहे. पत्राखाली तीन सह्या आहेत आणि त्यांतील एक सही म्हणजे नुसती फुली आहे. जिला स्वतःचे नाव लिहिता येत नाही तिने हे पत्र वाचले कसे, आणि तिला ते वाचून दाखवले असेल तर कोणी, ही शंका येते ती कचेरीतील सर्वांत नव्या वकिलाला. ही वकील म्हणजे कचेरीच्या मालकांची मुलगी, परवीन मिस्त्री. साल आहे १९२१.

सुजाता मॅसी यांच्या 'द विडोज ऑफ मलबार हिल' या इंग्रजी कादंबरीचे कथासूत्र असे सुरू होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी भारतात 'अ मर्डर ऑन मलबार हिल' या नावाने आली. वडील भारतीय, आई जर्मन, जन्म इंग्लंडमधला आणि बालपण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गेलेले, अशी या लेखिकेची पार्श्वभूमी. बाल्टिमोरमध्ये वृत्तपत्रात काम केल्यावर काही काळ त्या जपानमध्ये राहिल्या आणि तेथील अनुभवावर त्यांनी रेई शिमुरा या नायिकेची रहस्यमालिका लिहिली. त्या मालिकेतील पहिल्या कादंबरीला (१९९७) पदार्पणाचे 'अगाथा' पारितोषिक मिळाले होते. परवीनच्या पहिल्या कादंबरीला ऐतिहासिक रहस्यकथेचे 'अगाथा' आणि मेरी हिगिन्स क्लार्क यांच्या नावाचे पारितोषिक अशी दोन्ही मिळाली.

या कादंबरीचे कूळ इंग्रजीत 'कोझी मिस्ट्री' म्हणून ओळखले जाते. 'कोझी' म्हणजे उबदार, सुखावह. चहाची किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर घालायच्या कापडी टोपीलाही हेच नाव आहे आणि या कथांमध्ये चहा पुष्कळ प्यायला जातो. खून होतो, पण तो बहुधा वाचकाच्या नजरेआड. रक्तपात आणि शरीरसंबंधांची वर्णने जवळजवळ नसतात. घटना एखाद्या खेड्यात, वाड्यात किंवा कुटुंबात, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत घडतात. शोध घेणारी व्यक्ती पोलीस खात्यातील नसते आणि पुष्कळदा ती स्त्री असते. ज्या वाचकाची रहस्यकथेशी ओळख बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्यामुळे झाली, त्याला हा सारा प्रकार फारच सौम्य वाटण्याचा संभव आहे.

या प्रकाराचे एक जुने दुखणे मात्र आहे. खुनाच्या जागी एका हौशी बाईला मुळात येऊ कोण देणार? अ‍ॅना कॅथरीन ग्रीन या अमेरिकन लेखिकेने १८९७ साली अमेलिया बटरवर्थ ही प्रौढ, अविवाहित, चौकस बाई रहस्यकथेत आणली, ती शेजारच्या घरावर खिडकीतून नजर ठेवून. अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल १९२७ साली कथेत अवतरली. तिच्या मदतीला गावातल्या गप्पा होत्या आणि स्कॉटलंड यार्डचे एक निवृत्त वरिष्ठ अधिकारीही स्नेही म्हणून दिलेले होते. त्यानंतरच्या शेकडो कोझी कादंबऱ्यांत हा प्रश्न योगायोगावर किंवा भोळ्या फौजदारावर सोपवलेला दिसतो. वाचकही फारशी तक्रार करीत नाही. तो खेळाचा नियम म्हणून स्वीकारतो.

कथा भूतकाळात नेली की हे दुखणे वाढते, कारण मागे जावे तशी स्त्रीच्या वावरावरची बंधने वाढत जातात. स्वतः ख्रिस्तींनी १९४४ साली 'डेथ कम्स अ‍ॅज दि एंड' ही कादंबरी प्राचीन इजिप्तमध्ये घडवली. तिच्या मुळाशी उत्खननात सापडलेली हेकानख्त नावाच्या एका कुटुंबप्रमुखाची पत्रे होती. तिच्या केंद्रस्थानी असलेली तरुण विधवा घरातल्या घरातच सारे पाहते. एलिझाबेथ पीटर्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या बार्बरा मर्ट्झ स्वतः इजिप्तविद्येच्या डॉक्टरेट. त्यांनी १९७५पासून अमेलिया पीबॉडी या व्हिक्टोरियन नायिकेला वारसाहक्काने भरपूर पैसा दिला आणि तिला नाईलकाठी मोकळे सोडले. पैसा असला की बंधने ढिली होतात, हे खरेच. मॅसी यांनी काढलेली तोड निराळी आहे. परवीनला जी वाट मिळते ती बंधनामुळेच.

मलबार हिलवरच्या त्या बंगल्यात परपुरुषाला प्रवेश नाही. परवीनचे वडील जमशेदजी नामांकित वकील आहेत, पण आपल्या अशिलांचे तोंड त्यांनी पाहिलेले नाही. मुखत्यार सांगेल तेच त्या बायकांचे मत, असा रिवाज पडून गेला आहे. परवीन जनान्यात जाऊ शकते, एकेकीशी स्वतंत्रपणे बोलू शकते. त्यानंतर मुखत्याराचाच खून होतो, पोलीस येतात आणि त्यांचीही गाडी त्याच उंबरठ्यावर अडते. साक्षीदार आत आहेत आणि तपास बाहेर. अशा वेळी हौशी स्त्री डिटेक्टिव्हला आत कसे घ्यावे, हा लेखिकेपुढचा प्रश्नच उरत नाही. तिच्याखेरीज तपास पुढे सरकणार नाही अशी व्यवस्था काळानेच करून ठेवलेली आहे. बंदिस्त घर ही कोझीची जुनी गरज, ती येथे जनान्याने भागवली आहे.

त्या फुलीमागे जी कायद्याची बाजू आहे, ती कादंबरी वाचताना ठाऊक असली तर गोडी वाढते. पडदानशीन स्त्रीने केलेल्या दस्तऐवजाकडे संशयाने पाहावे, हे तत्त्व इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी १९व्या शतकातच प्रस्थापित केले होते. प्रिव्ही कौन्सिलने १८६७ साली बुझ्लूर रहीम विरुद्ध शमसुन्निसा बेगम या खटल्याचा निकाल दिला, तो याचा पाया समजला जातो. पत्नीच्या मालकीचे सरकारी रोखे नवऱ्याच्या हाती गेले होते आणि ती ते परत मागत होती. अशा व्यवहारातून ज्याचा लाभ होतो, त्यानेच तो व्यवहार त्या स्त्रीला नीट समजला होता आणि तिने तो राजीखुशीने केला होता हे सिद्ध केले पाहिजे, असा नियम पुढे रूढ झाला. सही आहे एवढे पुरत नसे. सहीमागे समज होती का, आणि तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता का, हे पाहिले जाई. हा स्वतंत्र सल्ला पडद्याआड जाऊन देणार कोण, याला मात्र कायद्याकडे बराच काळ उत्तर नव्हते.

ते उत्तर प्रत्यक्षात एका स्त्रीने दिले आणि परवीनचे मूळ तिच्यात आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकचा. वडील पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले; आईने पुण्यात शाळा चालवली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती गुणानुक्रमे त्यांना मिळायची, ती केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. अखेर इंग्लंडमधील स्नेह्यांनी निधी जमवला. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली, पण ऑक्सफर्ड तोवर स्त्रियांना पदवी देत नसल्याने पदवी हाती पडली ती १९२२ साली, तब्बल ३० वर्षांनी.

१९०४पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार म्हणून काम करू लागल्या. जमीनदाराचा वारस अज्ञान असला की इस्टेट या खात्याच्या देखरेखीखाली येई. आत वाड्यात राण्या, सासवा-सुना, दत्तकावरून वाद, पोटगीची भांडणे. बाहेर दिवाण आणि भाऊबंद. या दोहोंमध्ये कॉर्नेलियाबाई पालखीतून, होडीतून, मिळेल त्या वाहनाने फिरल्या. सहाशेहून अधिक स्त्रिया आणि मुले यांची प्रकरणे त्यांनी हाताळली, असे सांगितले जाते. त्यांच्या राजकीय मतांविषयी मात्र आदर बाळगणे कठीण आहे. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता आणि कॅथरीन मेयोच्या 'मदर इंडिया'चे त्यांनी समर्थन केले. मॅसी यांनी परवीनला कॉर्नेलियाबाईंचा व्यवसाय दिला, राजकारण दिले नाही.

परवीनचे दुसरे मूळ मिठन टाटा. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या मिठनबाई मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री वकील. विवाहानंतर त्या मिठन लाम झाल्या आणि १९४७ साली मुंबईच्या नगरपाल. त्यांची वाट मोकळी झाली ती १९२३च्या कायद्याने, ज्याने स्त्रियांना वकिलीचा हक्क दिला. त्याआधी १९१६ साली कलकत्त्यात रेजिना गुहा आणि १९२१ साली पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचे अर्ज न्यायालयांनी फेटाळले होते. म्हणूनच १९२१ सालची परवीन न्यायालयात उभी राहत नाही. फोर्टमधल्या ब्रूस स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या होमी मोदी स्ट्रीटवरच्या कचेरीत बसून ती कागदपत्रे तयार करते. मुंबईत त्या साली सॉलिसिटर म्हणून स्त्री असणे हीसुद्धा लेखिकेने घेतलेली सवलतच आहे. ती फार मोठी नाही.

कादंबरीचा खरा भार मात्र दुसऱ्याच धाग्यावर आहे. १९१६ साली परवीन कलकत्त्याच्या सायरस सोडावालाच्या प्रेमात पडून लग्न करते. सासरी मासिक पाळीच्या दिवसांत तिला एका कोंदट खोलीत कोंडून ठेवले जाते, आंघोळसुद्धा वर्ज्य. नवऱ्याचा बाहेरख्यालीपणा उघड होतो, मारहाण होते. ती माहेरी परतते, पण सुटत नाही. पारशी विवाहाचा १८६५चा कायदा वेश्यागमनाला घटस्फोटाचे पुरेसे कारण मानत नव्हता. समाजातून नेमलेले प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसत, तेही सारे पुरुष. मोकळीक मिळते ती केवळ वेगळे राहण्याची, पुनर्विवाहाची नाही. पारशी समाज म्हणजे सुधारलेला, ही आपली ठाशीव समजूत या प्रकरणात चांगलीच हलते. पुढे १९३६च्या कायद्याने या तरतुदी बदलल्या. मलबार हिलवरच्या तिन्ही विधवांकडे परवीन ज्या नजरेने पाहते तिच्यात ही कोंडलेली खोली आहे, आणि लेखिकेने ते कोठेही बोलून दाखवलेले नाही. खुनी कोण, हे येथे सांगणे वाचकावर अन्याय ठरेल. शोध लागतो तेव्हा पडदा ही केवळ अडचण नसून काहींच्या दृष्टीने आसराही होता, हे लक्षात येते एवढेच नमूद करतो.

पुढील तीन कादंबऱ्या तेवढ्याच बांधेसूद नाहीत. 'द सतपूर मूनस्टोन'मध्ये (२०१९) सह्याद्रीतील एका काल्पनिक संस्थानात सासू-सुना असलेल्या दोन राण्या बाल-राजपुत्राच्या शिक्षणावरून भांडतात आणि त्यांच्याशी बोलायला परवीनला पाठवले जाते. कॉर्नेलियाबाईंच्या कामाशी सर्वांत जवळची ही कथा. डोंगर आणि पाऊस उत्तम, रहस्य थोडे सैल. 'द बॉम्बे प्रिन्स' (२०२१) ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाकांक्षी. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, काँग्रेसने बहिष्कार पुकारला आणि शहरात उसळलेल्या दंगलीत पन्नासहून अधिक जण मेले. स्वागताला गेलेल्या पारशांवर हल्ले झाले आणि गांधीजींनी उपोषण केले. युवराजाची मिरवणूक जात असताना कॉलेजच्या सज्जातून एक पारशी विद्यार्थिनी पडून मरते. स्वागताला हजर राहण्याची सक्ती कॉलेज करू शकते का, हे विचारायला तीच मुलगी काही दिवसांपूर्वी परवीनकडे आलेली असते. 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाऊस'मध्ये (२०२३) एका आयेवर गर्भपाताचा आरोप आहे. भारतीय दंड संहितेच्या ३१२व्या कलमाखाली गर्भपात करून घेणारी स्त्रीही गुन्हेगार ठरत असे. कायदा सैल झाला तो १९७१ साली.

उणिवा आहेत. परवीनची मते काही वेळा १९२१पेक्षा आजच्या काळाला शोभतात. तिची ऑक्सफर्डची मैत्रीण, गव्हर्नरच्या वर्तुळातील अधिकाऱ्याची मुलगी अ‍ॅलिस, हवे तेव्हा हवे ते दार उघडून देते. आणि मुंबईकर मराठी वाचकाला एक गोष्ट खटकेल : मालक गिरणीचा आहे, इस्टेट गिरणीच्या पैशातून उभी राहिली आहे, परंतु गिरणगाव आणि तेथील कामगार कथेच्या कडेलाच राहतात. कोझीचे घर बंदिस्त असते, हे मान्य. पण ज्या पैशावर तिघींचे हक्क ठरायचे तो पैसा कोठून आला, हे दाखवायला दोन प्रकरणे मिळाली असती तर बरे झाले असते.

मालिका क्रमाने वाचणे इष्ट, कारण परवीनच्या विवाहाची हकीकत पहिल्याच पुस्तकात येते आणि पुढे ती ठाऊक आहे असे गृहीत धरलेले आहे. ज्यांना मूळ व्यक्तीकडे जायचे असेल त्यांनी कॉर्नेलिया सोराबजी यांचे 'इंडिया कॉलिंग' हे १९३४ सालचे आत्मकथन पाहावे.