ऑस्टिओपॅथांचीं रुग्णालयें

पदवीदानाच्या समारंभांत झगा अंगावर चढला कीं वैद्य तयार झाला, असा आपल्याकडे एक समज आहे. वस्तुतः वैद्य घडतो तो त्यानंतर, रुग्णालयाच्या रात्रपाळींत, जाणत्या गुरूच्या देखरेखीखालीं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतून ज्यांस 'निवासी डॉक्टर' म्हणतात, त्यांच्या या उमेदवारीची रीतसर पद्धति अमेरिकेंत १८८९ पासून बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयांत ऑस्लर व हॉल्स्टेड यांनीं घालून दिली. ही उमेदवारी ज्यांस नाकारण्यांत आली, त्या वैद्यवर्गाचें पुढें काय होतें, हें पाहावयाचें असल्यास त्याच देशांतील ऑस्टिओपॅथांच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे.

या पंथाचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७). १८६४ सालीं मेंदूज्वराच्या सांथींत त्यांचीं तीन मुलें दगावलीं. त्या काळच्या औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला, यांत नवल नाहीं. शरीराची रचना, विशेषतः पाठीचा कणा, ठीक असल्यास रक्ताभिसरण सुरळीत चालतें व शरीर स्वतःस सांवरतें, या विचारावर त्यांनीं १८७४ पासून हस्तोपचाराची नवी पद्धति मांडली, आणि १८९२ सालीं मिसूरी राज्यांतील कर्क्सव्हिल येथें तिची पहिली शाळा काढली. बहुतेक रोगांचें मूळ हाडांच्या बिघाडांत शोधणारा त्यांचा दावा शास्त्राच्या कसोटीस उतरला नाहीं, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे.

व्हरमाँट राज्यानें १८९६ सालीं ऑस्टिओपॅथांस कायद्यानें मान्यता दिली. पुढें इतर राज्यांनींही कमीअधिक अधिकार दिले. परंतु परवाना मिळाला तरी रुग्णालय मिळेना. अमेरिकन मेडिकल असोसिएशननें ऑस्टिओपॅथी हा एक भोंदू पंथ ठरवून तिच्या अनुयायांशीं सहकार्य करणें हा आपल्या सभासदांपुरता नीतिभंग मानला. रुग्णालयांची सूत्रें बहुधा याच सभासदांच्या हातीं. तेथें जर रोगीच दाखल करतां येईना, तर उमेदवारी कोठून मिळणार? १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानें त्यांच्या शाळांवर कोरडे ओढले, तेही केवळ द्वेषाचे म्हणून सोडून देण्याजोगे नव्हते. रुग्णशय्येजवळचें शिक्षण तेथें खरोखरच तोकडें होतें.

तेव्हां त्यांनीं स्वतःचीं रुग्णालयें उभारलीं. त्यांतील कित्येक राहत्या घरांतच थाटलेलीं होतीं. अशा जागीं निवासी शिक्षण सुरू करणें म्हणजे दारावर पाटी लावणें नव्हे. उमेदवारास नानाविध रोगी पाहावयास मिळावे इतक्या खाटा हव्या. प्रयोगशाळा, क्ष-किरणयंत्र व नीट ठेवलेलीं टिपणें हवीं. आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या व्यवसायांतून वेळ काढून शिकविणारे अनुभवी वैद्य व शल्यज्ञ हवे. लहान रुग्णालयांत दुर्मिळ रोग क्वचितच दिसतो, आणि शिकावयास आलेला तरुण स्वस्त नोकर होऊन बसण्याची भीति सदैव असते. म्हणूनच अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशननें १९३६ पासून उमेदवार घेणाऱ्या रुग्णालयांची तपासणी करून मान्यता देण्यास आरंभ केला. 'तुम्ही अद्यापि कमी पडतां' असें आपल्याच लोकांस सांगण्याचें हें काम परक्यांशीं भांडण्याहून अवघड, व आमच्या मतें अधिक मोलाचें.

त्याचें फळ इंग्लंडाकडे पाहिलें म्हणजे कळतें. कर्क्सव्हिल येथेंच शिकलेले जॉन मार्टिन लिटलजॉन यांनीं १९१७ सालीं लंडन येथें शाळा काढली. पण तेथें या विद्येस रुग्णालयांचा तसा आधार लाभला नाहीं. आज ब्रिटनमधील ऑस्टिओपॅथ हा हस्तोपचारक आहे, तर अमेरिकेंतील डी. ओ. पदवीधर औषधोपचार व शस्त्रक्रिया करणारा पूर्ण वैद्य आहे. बीज एकच, फरक, आमच्या समजुतीप्रमाणें, बऱ्याच अंशीं रुग्णालयांचा.

दुसऱ्या महायुद्धांत सैन्यानें ऑस्टिओपॅथांस वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतलें नाहीं, एम्. डी. रणांगणावर गेले व मागें राहिलेले रोगी ऑस्टिओपॅथांकडे आले. १९६१-६२ सालीं कॅलिफोर्नियांत निराळाच प्रसंग घडला. तेथील सुमारें २,००० डी. ओ. ६५ डॉलर भरून एम्. डी. झाले, आणि मतदारांनीं नव्या डी. ओ. परवान्यांचें दार लावलें. पंथाचे म्हणून हिणविलेले लोक शुल्क भरतांच शास्त्रीय वैद्य ठरले! यांत ऑस्टिओपॅथीचें नुकसान झालें खरें, पण दोन्ही वर्गांच्या विद्येंत फारसें अंतर उरलें नव्हतें, याची कबुलीही त्यांतच होती. १९६६ सालीं संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनीं सैन्याचें दार उघडलें. त्या दशकाच्या अखेरीस मेडिकल असोसिएशननें सभासदत्व व निवासी शिक्षण डी. ओं.स मोकळें केलें. आणि १९७४ सालीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें तेथील परवाने पुन्हां सुरू झाले.

दारें उघडल्यावर स्वतःच्या घराचें काय करावयाचें, हा प्रश्न उरलाच. २०१४ सालीं करार होऊन २०१५ ते २०२० या अवधींत दोन्ही वर्गांचे निवासी अभ्यासक्रम एकाच मान्यतामंडळाखालीं आले. कांहीं लहान रुग्णालयांतील अभ्यासक्रम नव्या निकषांस उतरले नाहींत व बंद पडले. हस्तोपचाराची परंपरा राखूं इच्छिणाऱ्या अभ्यासक्रमांसाठीं वेगळ्या 'ऑस्टिओपॅथिक मान्यते'ची सोय ठेवण्यांत आली. परंतु अनेक डी. ओ. आज तो उपचार क्वचितच करतात.

वेगळें घर मोडलें म्हणून हळहळावें, कीं एका पंगतींत पान मिळालें म्हणून आनंद मानावा? आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहों. रोग्याच्या हिताचें माप सर्वांस एकच असलें पाहिजे. तथापि इतर कोणी शिकविण्यास तयार नव्हतें, तेव्हां ज्या घरवजा रुग्णालयांनीं या तरुणांस हातीं धरून शिकविलें, त्यांचें ऋण त्या पंगतींत बसणाऱ्यांनीं विसरूं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.