कयाक डुलते म्हणजे उलटते का? पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी तोल, थंड पाणी आणि मोबाईल

बीड जिल्ह्यात मोठं पाणी म्हटलं की सिंदफणेवरचं माजलगाव धरण आणि केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण आठवतं. कयाक मात्र आपल्यापैकी अनेकांना पहिल्यांदा दिसते ती पवना, गोवा किंवा ऋषिकेशच्या सहलीत. बसताच ती डुलते आणि पोटात गोळा येतो. पण डुलणं वेगळं, उलटणं वेगळं. हा फरक कळला की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी कामाची आहे, कारण ती थंड पाण्याची आहे.

तोल कसा राहतो?

तुमचं वजन खाली ओढतं, पाणी वर ढकलतं. कयाक उजवीकडे कलली की तिचा उजवा भाग जास्त बुडतो. मग पाण्याचा धक्काही उजवीकडे सरकतो आणि कयाकला परत सरळ करतो. हे तोपर्यंतच चालतं, जोपर्यंत तुमचं वजन त्या धक्क्याच्या बाहेर जात नाही.

घाबरलेला माणूस अंग ताठ करतो. मग कयाक कलली की डोकंही तिच्यासोबत बाहेर जातं आणि तिथेच गडबड होते. म्हणून कंबर सैल सोडा, खाली कयाक हलू द्या, डोकं मधोमध ठेवा. काठ घट्ट धरू नका, उभे राहू नका. नजर लांब ठेवा आणि वल्हं पाण्यात चालू ठेवा.

पहिल्यांदा रुंद, वर बसायची कयाक मागा. ती साधारण ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असते. समुद्रात लांब जाण्यासाठीची कयाक ५५ ते ६० सेंटिमीटरची असते, ती जास्त डुलते.

थंड पाणी म्हणजे किती थंड?

आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून धोका नाही असं समजू नका. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की अचानक पडल्यावर 'कोल्ड शॉक' सुरू होऊ शकतो. १० ते १५ अंशांच्या आसपास तो सर्वात जोरात असतो. आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, धाप लागते, हृदयाचे ठोके वाढतात. तोंड पाण्याखाली असताना तो श्वास घेतला गेला तर पोहता येणाराही बुडतो. शिवाय पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने पळवतं.

हवामानाचं ॲप हवेचं तापमान दाखवतं, पाण्याचं नाही. तापाचा थर्मामीटरही इथे चालत नाही, कारण त्याचे आकडेच ३२-३५ अंशांपासून सुरू होतात. दुपारी ऊन कडक असलं तरी ऋषिकेशला गंगेत हिमालयातलं थंड पाणीच असतं.

लाईफ जॅकेट कयाकमध्ये ठेवू नका, अंगात घाला. सगळे पट्टे आवळून मित्राला खांद्याजवळ वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या.

पडलात तर?

१. पहिलं एक-दीड मिनिट पोहू नका. पाठीवर तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या.
२. कयाक सोडू नका. ती तरंगते आणि लांबूनही दिसते.
३. उलटी असेल तर सरळ करा. पाय मारत पोटावर वर चढा, मग वळून बसा.
४. चढता येत नसेल तर तिला धरून राहा आणि शिट्टी वाजवा.

हे एकदा उन्हाळ्यात, कमरेएवढ्या पाण्यात, जाणकार माणसासोबत करून बघा.

मोबाईलचं काय?

आयपी-६८ रेटिंगची चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, शांत पाण्यात होते. धरणातला गाळ त्यात धरलेला नसतो. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून जॅकेटला बांधा, कयाकला नको. दोघं वेगळे झालात तर फोन तुमच्यासोबत हवा. ओल्या स्क्रीनला बोटाचा स्पर्श नीट कळत नाही, म्हणून इमर्जन्सी एसओएस आधीच सुरू करून ठेवा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण लागोपाठ ५ वेळा दाबलं की ते चालू होतं. आपत्कालीन नंबर ११२ आहे.

तरीही फोन तुम्हाला तरंगत ठेवत नाही आणि मदत यायला वेळ लागतो. त्यामुळे एकटे जाऊ नका, काठावरच्या एकाला परतायची वेळ सांगा. धरणाच्या भिंतीपासून, दरवाजांपासून आणि मासेमारीच्या जाळ्यांपासून लांब राहा. परवानगी नसलेल्या पाण्यात उतरूच नका. जॅकेट मिळत नसेल, तर त्या दिवशी काठावर बसून फोटो काढा.